समोरचा दात कधी बसवायचा? आधी कागदाएवढं हाड बघा

एका वाचक भगिनींचं पत्र आलंय, थोडं आटोपशीर करून देते.

'डॉक्टर, माझं वय 34. मी शिक्षिका आहे. कॉलेजात असताना पडले आणि वरचा पुढचा दात दुखावला. तेव्हा रूट कॅनाल करून कॅप बसवली होती. गेलं वर्षभर त्या दाताच्या वरच्या हिरडीवर बारीक फोड येतो, दाबला की पू निघतो, आठ-पंधरा दिवस जातो आणि पुन्हा येतो. आता मूळ उभं चिरलंय, दात काढावा लागेल असं कळलं. मी तिघांना दाखवलं. पहिल्या डॉक्टर म्हणाल्या, दात काढून त्याच बैठकीत इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचं धातूचं कृत्रिम मूळ, ज्यावर पुढे दात लावतात) बसवू, तात्पुरता दातही लावून देऊ. दुसरे म्हणाले, दात काढा, दीड-दोन महिने थांबा, मग बसवू. तिसरे म्हणाले, सहा महिने तिथं हातच लावायचा नाही. तिघंही अनुभवी आहेत. मी हसले की हिरडी बरीच दिसते, आणि ती पातळ आहे असं तिघांनीही सांगितलं. सिगारेट नाही, मधुमेह नाही. दोन महिन्यांनी नवीन सत्र सुरू होतंय, वर्गात उभं राहायचंय. कुणाचं ऐकू? जाता जाता आणखी एक: माझ्या 16 वर्षांच्या भाच्याचाही पुढचा दात खेळताना गेला. त्याला इम्प्लांट आत्ताच बसवता येईल का?'

ताई, तिघांपैकी कुणी चुकीचं सांगितलेलं नाही. तिन्ही पद्धती जगभर रोज वापरल्या जातात आणि तिन्हींनी उत्तम दात बसलेले मी पाहिलेत. पण तुमच्या दातासाठी त्या तिन्ही सारख्या नाहीत. माझा कौल दुसऱ्या डॉक्टरांकडे आहे. का, ते सविस्तर लिहिते, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी खुर्चीत बसल्यावर नेमकं काय विचारायचं तेही तुम्हाला कळेल.

सगळं गाडं अडतं ते एका पातळ हाडापाशी. वरच्या पुढच्या दाताचं मूळ जबड्यातल्या खोबणीत बसलेलं असतं. त्या खोबणीची टाळूकडची बाजू चांगली भरभक्कम असते. ओठाकडच्या बाजूला मात्र भिंत म्हणायची एवढंच, बहुतेक माणसांत तिची जाडी 1 मिलिमीटरही भरत नाही. काही ठिकाणी तर स्कॅनवर ती दिसतही नाही. हे हाड बऱ्याच अंशी दाताच्याच जिवावर जगतं. मूळ आणि हाड यांना बांधून ठेवणारे जे बारीक तंतू असतात, त्यांतल्या रक्तवाहिन्या त्याला पोसतात. दात काढला की तंतू गेले, तंतू गेले की पोषण गेलं, आणि ती भिंत काही आठवड्यांत विरघळायला लागते. टाळूकडची जाड बाजू बऱ्यापैकी टिकते. म्हणून दात काढल्यावर जबडा समोरून आत ओढल्यासारखा दिसतो.

हे अंदाजानं म्हणत नाही. डेन्मार्कमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दाढा काढल्यानंतर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी झाल्याचं मोजलं गेलं, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतली होती. पुढच्या दातांचं चित्र स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या 2013च्या अभ्यासात दिसलं. ओठाकडची भिंत 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ होती त्या ठिकाणी, दात काढल्यापासून आठ आठवड्यांत भिंतीच्या मध्यभागी साधारण 7.5 मिलिमीटर उंची गेली. भिंत जाड होती तिथं जेमतेम 1 मिलिमीटर. दोन्हीकडे दात अलगद, हिरडी न कापता काढलेले होते. म्हणजे फरक डॉक्टरच्या हाताचा कमी आणि भिंतीच्या जाडीचा जास्त.

आता एक समज खोडायलाच हवा, कारण तो पेशंटच्याच नाही, माझ्या व्यवसायातल्या लोकांच्याही तोंडी असतो: 'दात काढल्याबरोबर इम्प्लांट घातलं की हाड वाचतं.' नाही वाचत. ब्राझीलचे माउरिसिओ अराउजो आणि स्वीडनचे यान लिंढे यांनी 2005च्या सुमारास कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत हे स्वच्छ दाखवून दिलं. खोबणीत ताबडतोब इम्प्लांट घातलं तरी ओठाकडची भिंत विरघळायची ती विरघळलीच. हाडाला इम्प्लांट म्हणजे दात वाटत नाही, कारण त्याला ते तंतू नसतात. त्याच बैठकीत इम्प्लांट बसवण्याचे फायदे वेगळे आहेत. शस्त्रक्रिया एकच, हिरडीचा आकार हातातून निसटत नाही, आणि पेशंट बिनदाताचा घरी जात नाही. हे फायदे खरे आहेत. फक्त हाड वाचवण्याच्या नावाखाली ते विकू नयेत.

मग त्याच दिवशी बसवणं कुणाला मानवतं? ज्याची ओठाकडची भिंत वरपासून खालपर्यंत शाबूत आहे, शक्य तर 1 मिलिमीटरहून जाड आहे, हिरडी जाडसर आहे, पू नाही, आणि मुळाच्या टोकापलीकडे व टाळूच्या बाजूला इम्प्लांटला घट्ट पकड मिळेल एवढं हाड आहे. अशा माणसात अनुभवी हात इम्प्लांट टाळूच्या बाजूला सरकवून बसवतो, इम्प्लांट आणि ओठाकडची भिंत यांच्यामधल्या फटीत हळूहळू विरघळणारी हाडाची भुकटी भरतो आणि बऱ्याचदा टाळूतून घेतलेला मांसल पडदा हिरडीखाली सरकवून ती जाड करतो. इम्प्लांट पुरेशा जोरानं घट्ट बसलं तरच त्यावर त्याच दिवशी तात्पुरता दात लावायचा. 35 न्यूटन सेंटिमीटरच्या (हे पिळून घट्ट करण्याच्या जोराचं माप) आसपासची पकड बहुतेक डॉक्टर पुरेशी मानतात. तोही दात असा, की खालचे दात त्याला कुठेही टेकणार नाहीत. सगळं जुळून आलं तर निकाल सुंदर येतो. जुळून येणारी माणसं मात्र वाटतात त्यापेक्षा कमी असतात.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. मूळ उभं चिरलंय. वर्षभर एकाच जागी फोड येऊन पू जातोय. मूळ उभं चिरतं तेव्हा चिरेच्या रेषेवर जंतू बसतात आणि त्या रेषेसमोरचं हाड खाऊन टाकतात. फोड तुमच्या ओठाकडच्या बाजूला येतो, म्हणजे भोक त्याच भिंतीत आहे. स्कॅनवर बहुधा दिसेल की तुमची ओठाकडची भिंत अर्धीअधिक उरलेलीच नाही. त्यात हिरडी पातळ, आणि हसताना ती सगळ्यांना दिसते. अशा जागी त्याच दिवशी इम्प्लांट बसवलं तर ते कदाचित हाडात घट्ट रुजेलही. रुजणं ही आता फारशी मोठी गोष्ट राहिलेली नाही, एकेकट्या दातांच्या इम्प्लांटपैकी शंभरात नव्वदहून अधिक दहा वर्षांनंतरही जागेवर असतात. अडचण वेगळीच आहे. वर्ष-दोन वर्षांत हिरडी 1-2 मिलिमीटर वर सरकेल, तुमचा दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसू लागेल, पातळ हिरडीतून धातूची करडी छाया दिसेल. इम्प्लांट 'यशस्वी' आणि तुम्ही हसताना तोंडावर हात ठेवणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका तरुणाला त्याच दिवशी इम्प्लांट बसवलं. खोबणी जिकडे नेत होती तिकडे ड्रिल गेलं, आणि इम्प्लांट जरा ओठाकडे बसलं. त्या दिवशीचा फोटो अप्रतिम होता, मी तो बरेच दिवस मिरवला. अठरा महिन्यांनी तो परत आला तेव्हा दात दीड मिलिमीटरनं लांब झालेला होता. पुढची दोन वर्षं हिरडीच्या शस्त्रक्रिया करून मी तो चुकवलेला हिशेब फेडत होते, आणि पूर्ण कधीच फिटला नाही. ओठाकडे झुकलेलं इम्प्लांट नंतर कुठल्याही कॅपनं सरळ करता येत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेले दीड-दोन महिने थांबण्यात काय होतं? पहिली गोष्ट, पू आणि सूज निघून जाते. दुसरी, खोबणीचं उघडं तोंड हिरडीनं आपोआप झाकलं जातं, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी 3 ते 5 मिलिमीटर जास्तीची चांगली हिरडी हाताशी येते. तिसरी गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटते: पातळ भिंत विरघळते तिथं मऊ पेशीजाल त्या खड्ड्यात उतरून चक्क जाड होतं. ज्या पातळ हिरडीची तुम्हाला काळजी वाटते, ती त्या जागी तात्पुरती का होईना, पण जाड मिळते. टाळूतून मांस काढायची गरज त्यामुळे बरेचदा उरत नाही. चौथी गोष्ट अशी, की जे हाड जाणारच होतं ते तोवर गेलेलं असतं, म्हणून डॉक्टरला नेमकं किती भरून काढायचं ते समोर दिसतं. आणि शेजारच्या दातांना लागून असलेलं हाड अजून टिकून असतं, त्यामुळे मध्ये एक वाटीसारखा खड्डा राहतो. वाटीत भर घालून टिकवणं सोपं, सपाट भिंतीवर भर घालणं कठीण. इम्प्लांट बसवताना त्याच वेळी ओठाकडे हाडाची भुकटी घालायची, वर पातळ पडदा अंथरायचा, हिरडी ताण न देता शिवायची आणि जागा शांत ठेवायची.

सहा महिने थांबायचं कारण वेगळं असतं. इम्प्लांट हाडात रुजतं हा शोध स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना 1952च्या सुमारास सशांच्या हाडांवर काम करताना लागला. त्यांनी हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं परत काढताच येईनात, हाडानं ती धरूनच ठेवली. माणसाच्या जबड्यात पहिली इम्प्लांट त्यांनी 1965 मध्ये बसवली. त्या काळची शिस्त कडक होती: खोबणी पूर्ण भरू द्या, मग इम्प्लांट घाला, हिरडीखाली झाकून महिनोन्‌महिने ठेवा. तिसऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यात त्या शिस्तीची छाया असेल. मुळाच्या टोकाशी मोठी गाठ असेल आणि इम्प्लांटला पकडच मिळणार नसेल, तर सहा महिने थांबणं आजही बरोबर. पण तसं नसताना पुढच्या दाताच्या जागी उगीच थांबलं, तर हाड आणखी आत ओढलं जातं आणि मग आधी वेगळी हाड भरण्याची शस्त्रक्रिया लागू शकते. कुठल्याही कारणानं तुम्हाला उशीर होणारच असेल, तर दात काढतानाच खोबणी भरून ठेवायला सांगा. पू आहे, त्यामुळे ते त्याच दिवशी करायचं की नाही हे जागा बघून डॉक्टरच ठरवतील.

वेळेबद्दल एवढं पुरे. खरं सांगायचं तर 'कधी' याची चर्चा लोक फार करतात आणि 'कुठे' याची पुरेशी करत नाहीत. इम्प्लांट बरोबर दिवशी पण चुकीच्या जागी बसलं तर काही उपयोग नाही. भिंतीत खुंटी ठोकायची तर बोटभर इकडेतिकडे चालतं. इथं 1 मिलिमीटर म्हणजे फार झालं.

तीन दिशा असतात. डावी-उजवीकडे शेजारच्या दाताच्या मुळापासून निदान 1.5 मिलिमीटर अंतर हवं. त्याहून जवळ गेलं तर शेजारच्या दाताचं हाड उतरतं, आणि दोन दातांमधला हिरडीचा टोकेरी तुकडा त्याच हाडाच्या आधारानं उभा असतो. 1992 मध्ये अमेरिकेतले डेनिस टार्नो आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं होतं, की दोन नैसर्गिक दात जिथं एकमेकांना टेकतात तिथून दोन मुळांमधल्या हाडाच्या कडेपर्यंतचं अंतर 5 मिलिमीटर किंवा कमी असेल तर मधली जागा हिरडीनं जवळजवळ नेहमीच भरलेली असते. 6 मिलिमीटर झालं की ती निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी भरते, 7 झालं की सुमारे पाव ठिकाणीच. इम्प्लांटच्या बाबतीतही भिस्त शेजारच्या दाताच्या हाडावरच असते. ते गेलं की मध्ये काळा त्रिकोण राहतो, आणि तो बुजवायला खात्रीचा इलाज आजही नाही.

पुढे-मागे, म्हणजे ओठ ते टाळू, ही सगळ्यात फसवी दिशा. इम्प्लांटसमोर ओठाकडे 2 मिलिमीटर हाड उरलं पाहिजे, स्वतःचं नाहीतर भरलेलं. इम्प्लांटचं तोंड शेजारच्या दातांच्या पुढच्या कमानीपेक्षा 1.5 ते 2 मिलिमीटर मागे हवं. ते फार मागे गेलं तर कॅपला पुढे छज्जा काढावा लागतो आणि त्याखाली साफसफाई होत नाही. पण दोन चुकांपैकी एक करायचीच झाली, तर मी मागची करीन. मधल्या दोन दातांच्या मागे टाळूत एक नस-रक्तवाहिन्यांची नलिका उतरते, तुमचा दात मधल्या दोनांपैकी असेल तर ती स्कॅनवर कुठे आहे तेही डॉक्टरांनी बघितलेलं असावं.

तिसरी दिशा खोलीची. इम्प्लांटचं तोंड होणाऱ्या दाताच्या हिरडीच्या कडेपासून 3 ते 4 मिलिमीटर आत असावं. त्यापेक्षा उथळ बसलं तर कॅप खुंटीवर अडकवल्यासारखी दिसते, हिरडीतून उगवल्यासारखी दिसत नाही. त्यापेक्षा खोल गेलं तर भोवतीचं हाड जास्त उतरतं आणि खोल खिसा तयार होऊन तिथं दाह होत राहतो. लक्षात आलं असेल, हे मोजमाप हिरडीच्या कडेपासून आहे, आणि हिरडीची कड ठरते ती होणाऱ्या दातावरून. म्हणून नीट काम करणारा डॉक्टर आधी शेवटचा दात ठरवतो, मेणात किंवा संगणकावर, आणि मग त्याच्या मुळाशी इम्प्लांट कुठे बसेल ते शोधतो. इम्प्लांट आधी आणि दात मागून, ही उलटी वरात.

त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. साध्या एक्स-रेवर ओठाकडची भिंत दिसतच नाही, ती दाताच्या मागेपुढे झाकली जाते. स्कॅनवरून छापलेली मार्गदर्शक पट्टी वापरली तर ड्रिल ठरलेल्या वाटेनं जातं. मला ती आवडते, पण तिचं कौतुक मर्यादेतच करीन. आखणी चुकीची असेल तर पट्टी ती चूक बिनचूक उतरवते.

कोनाबद्दल एक प्रश्न जरूर विचारा: 'कॅप स्क्रूनं बसेल की सिमेंटनं?' कोन नीट असेल तर स्क्रूचं भोक दाताच्या मागच्या बाजूला उघडतं आणि कॅप स्क्रूनं घट्ट करता येते. कोन ओठाकडे झुकला तर भोक समोर येतं, आणि मग बऱ्याचदा सिमेंट वापरावं लागतं. हिरडीखाली राहून गेलेलं सिमेंट हे इम्प्लांटभोवतीच्या दाहाचं जुनं, ओळखीचं कारण आहे. थोडासा तिरकस कोन सावरून घेणारे विशेष स्क्रूही आता मिळतात.

तुमचं वेळापत्रक मग साधारण असं बसेल. दात काढायचा, हिरडी न कापता, मूळ तुकड्यातुकड्यानं काढावं लागलं तरी चालेल, पण भिंतीवर जोर द्यायचा नाही. सहा ते आठ आठवड्यांनी इम्प्लांट आणि हाडाची भर. मग तीन-चार महिने, कधी थोडे जास्त, रुजण्यासाठी. मग इम्प्लांटवर तात्पुरता दात. ही पायरी घाईत गाळली जाते, ती गाळू देऊ नका. या तात्पुरत्या दाताला दर काही आठवड्यांनी थोडं प्लास्टिक जोडून किंवा घासून हिरडीवर अलगद दाब द्यायचा असतो, म्हणजे हिरडीची कमान शेजारच्या दातासारखी घडते. कायमची कॅप त्याच घडवलेल्या आकाराच्या मापानं करायची. सगळं मिळून आठ-नऊ महिने धरा. पातळ हिरडीसाठी, इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा, हिरडीतून जाणारा भाग झिर्कोनियाचा, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकचा, घेता येईल का तेही विचारा, करडी छाया कमी दिसते.

तुम्ही सिगारेट ओढत नाही हे फार बरं. रात्री दात खात असाल तर तेवढं मात्र डॉक्टरांना सांगा. तुमच्या खालच्या-वरच्या दातांचा चावा खोल असेल तर त्याचाही हिशेब करावा लागतो. आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शनं कधी घेतली असतील तर तेही सांगायचं, आपणहून.

भाच्याचं उत्तर आखूड आहे: आत्ता नाही. नैसर्गिक दात वाढीबरोबर हाडासह खाली सरकत राहतात. इम्प्लांट हाडाला चिकटलेलं असतं, ते सरकत नाही. सोळाव्या वर्षी बसवलं तर पंचविशीत त्याचे शेजारचे दात खाली आलेले असतील आणि इम्प्लांटचा दात वरच अडकलेला, आखूड, हिरडीची कडही वर गेलेली. मुलींची वाढ सर्वसाधारणपणे सतरा-अठराच्या सुमारास आणि मुलांची विशीच्या पुढे थांबते, पण वाढदिवस बघून निर्णय घेत नाहीत. डोक्याचे बाजूनं काढलेले एक्स-रे सहा महिने ते वर्षाच्या अंतरानं तुलना करून, फरक दिसत नाही असं ठरल्यावरच पुढे जायचं. बारीकशी हालचाल तर मोठेपणीही चालूच राहते. तुमचीही कॅप दहा-पंधरा वर्षांनी शेजारच्या दाताच्या रांगेत आणण्यासाठी बदलावी लागली तर नवल नाही.

तोवर त्याला एका पंखाचा चिकटवलेला दात छान चालेल. शेजारच्या एकाच दाताच्या मागे पातळ पट्टी चिकटवतात, दात घासावा लागत नाही किंवा अगदी नाममात्र. दोन्ही बाजूंना पंख असतील तर एक बाजू नकळत सुटते आणि त्याखाली कीड लागते, म्हणून एकच बरा. असे दात व्यवस्थित बसवले तर वर्षानुवर्षं टिकतात, काहींना नंतर इम्प्लांट नकोसंच वाटतं. त्याच्या शेजारचे दात मोकळ्या जागेत कलू नयेत यासाठी ऑर्थोडोंटिस्टची, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, एक भेट घ्या. दात मुळासकट निघाला की फक्त वरचा भाग तुटला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मूळ आत असेल तर ते काढण्याची घाई करू देऊ नका. मूळ असेतोवर हाड टिकतं, आणि त्याचं पुढे काय करायचं हे बघून ठरवता येतं.

राहिला तुमचा वर्ग. सत्र सुरू होईल तेव्हा तुमचं इम्प्लांट नुकतंच बसलेलं किंवा बसायचं असेल, म्हणजे तात्पुरता दात लागणारच. तो दात काढायच्या आधी तयार हवा, नंतर नव्हे. तुमची जुनी कॅप धड असेल तर ती कापून, आकार देऊन शेजारच्या दातांना मागून चिकटवता येते. रंग आणि आकार ओळखीचा असल्यामुळे कुणाला कळतही नाही. पारदर्शक ट्रेमध्ये बसवलेला दातही चालतो. काढघालीची टाळूची पट्टी घेणार असाल तर तिचा दात भरलेल्या हाडावर दाबत नाही ना, हे शस्त्रक्रियेनंतर टाके काढायच्या आधीच तपासून घ्या, कारण त्या दाबानं भरलेलं हाड बसून जातं. आणि 'फ' आणि 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या पुढच्या दातांना टेकतो. तात्पुरता दात जरा लांब किंवा जाड झाला तर ही अक्षरं अडखळतात, पट्टी असेल तर 'स'सुद्धा. त्यामुळे दात लावल्यावर खुर्चीतच एक परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवा. तिथल्या तिथे दोन मिनिटं घासून ते नीट करता येतं, आणि शाळा सुरू होण्याआधी दोन-तीन दिवस घरी वाचनाचा सराव ठेवा.